घरच्या सुखाचं व्हाउचर

परदेशाहून परत आलेल्या माणसाला तीन गोष्टी चुकत नाहीत. पासपोर्टावर शिक्का मारून घेणं, फिरत्या पट्ट्यावरून आपली बॅग ओळखून ओढून काढणं, आणि टॅक्सीत बसल्याबरोबर एक दीर्घ सुस्कारा सोडून “शेवटी घर ते घर!” असं म्हणणं. पहिल्या दोन न केल्या तर सरकार अडवतं. तिसरी न केली तर नातेवाईक अडवतात. “काय हो, तिकडंच राहायचा विचार होता की काय?” असं विचारतात.

माझं भांडण या तिसऱ्या गोष्टीशी आहे.

गैरसमज नको. हे वाक्य खोटं आहे असं माझं म्हणणं नाही. खोटं असतं तर मी भांडलो नसतो. बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्याला खोटं ऐकायची सवय असते. माझी तक्रार अशी की, हे वाक्य म्हणजे अर्धवट लिहिलेली नोंद आहे. मी बी. कॉम. आहे. वर्गात आम्हांला घोकून घेतलेला पहिला नियम असा : घेणाऱ्याच्या नावे टाका, देणाऱ्याच्या खाती जमा करा. १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली नावाच्या साधूनं ही दुहेरी नोंदीची पद्धत छापील पुस्तकात मांडली, तेव्हापासून जगाचा हिशेब तिच्यावर चाललेला आहे. फक्त एक व्यवहार तिच्यातून सुटला. घरच्या सुखाचा. सुख घेतो आपण. पण ते आपल्या नावे पडत नाही, आणि देणाऱ्याच्या खाती जमाही होत नाही. आपण ते ‘घर’ नावाच्या खात्यात ढकलून मोकळे होतो. ज्या रकमेचा धनी सापडत नाही, ती तात्पुरती ठेवायला बँकेत एक सस्पेन्स खातं असतं. ‘घर’ हे मराठी पुरुषाचं सस्पेन्स खातं आहे. त्यात पिढ्यान्‌पिढ्यांच्या रकमा पडून आहेत, आणि ऑडिटर अजून आलेला नाही.

आता बँकेतला कारकून परदेशी गेलाच कसा, असा प्रश्न शेजारच्या टेबलापासून सर्वांनी विचारला, तेव्हा त्याचा खुलासा आधी करतो. आमच्या पेशातल्या काही कल्पक मंडळींनी एके काळी प्रवास-सवलतीवर दिल्लीहून मदुराईला जाऊन कोलंबो, क्वालालंपूर, सिंगापूरवरून दिल्लीला परतण्याचा ‘जवळचा’ रस्ता शोधून काढला होता. अखेर ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की, बाबांनो, या सवलतीवरची करमाफी भारतातल्या भारतात, आणि तीही जवळच्या रस्त्यानं जाणाऱ्याला. सबब आम्ही गेलो ते स्वखर्चानं. हिचा धाकटा भाऊ जर्मनीत स्टुटगार्टला मोटारींच्या धंद्यात आहे. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८पासून भगिनी-शहरं आहेत. त्या नात्यानं डोंबिवली ही स्टुटगार्टची भाची लागते, आणि भाचीनं एकदा तरी मावशीकडं जायला हवं, असं हिचं म्हणणं पडलं. व्हिसाला माणशी ९० युरो भरले. शिवाय किमान ३०,००० युरोंचा विमा उतरल्याशिवाय ते लोक दारात उभं करत नाहीत. माझ्या जिवाची एवढी किंमत आजवर कोणी, म्हणजे अगदी सासऱ्यांनीसुद्धा, केली नव्हती.

मे महिन्यात, हिच्या शाळेला सुट्टी लागल्यावर, आम्ही पंधरा दिवस गेलो. आणि कबूल करतो, तिसऱ्या दिवसापासून मला घर आठवायला लागलं.

पहिली आठवण न्हाणीघरात आली. तिथं सगळं होतं. फक्त बादली आणि तांब्या नव्हता. काचेच्या उभ्या पेटीत माणसानं उभं राहायचं आणि वरून पाऊस पडेल तो अंगावर घ्यायचा, ही काही आंघोळ नव्हे. आंघोळ म्हणजे पाटावर बसून पहिला तांब्या खांद्यावर ओतताना “हर हर गंगे” म्हणण्याची सोय. न्हाणीघरातल्या दुसऱ्या उणिवेबद्दल सभ्य माणसानं बोलू नये. एवढंच सांगतो की, मेव्हण्यानं तिथं पाण्याची एक प्लॅस्टिकची बाटली आठवणीनं ठेवली होती, आणि रक्ताची नाती का टिकतात ते मला तेव्हा कळलं.

दुसरी आठवण पलंगावर आली. तिकडं नवरा-बायकोच्या पलंगावर पांघरुणं दोन. हे तुझं, हे माझं. मला वाटलं, या दोघांचं काही बिनसलंय. मेव्हणा म्हणाला, “दाजी, इथं सगळ्यांचं असंच. रात्री ओढाओढ नको.” पांघरूण उबदार होतं, पण आईच्या जुन्या लुगड्यांच्या गोधडीला जो वास असतो, तो त्याला कुठला? तिसरी आठवण चहाची. कागदाच्या पुडीला दोरा बांधून गरम पाण्यात फाशी देतात, तो चहा नव्हे. तो चहाचा मृत्यूचा दाखला. चौथी आठवण संध्याकाळची. रात्रीचे नऊ वाजले तरी उन्हं रेंगाळतात. दिवेलागण नाही, शुभंकरोती नाही, आणि पोटाला तर कळतच नाही की आता कोणती भूक लावायची. त्यातून रात्रीचं जेवण म्हणजे ‘आबेंडब्रोट’. अर्थ सरळ : संध्याकाळचा पाव. थंड पाव, थंड चीज, थंड काकडी. पावाच्या तीन हजारांवर जाती त्या देशात नोंदलेल्या आहेत म्हणे. असतील. पण तीन हजारांतली एकही तव्यावरून थेट ताटात येत नाही.

पाचवी आठवण रस्त्यावरची. बोडन सरोवर बघायला मोटारीनं निघालो, तर महामार्गावरच्या थांब्यावर साध्या नैसर्गिक गरजेसाठी माणशी एक युरो! दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या व्हेस्पासियन बादशहानं लघवीवर कर बसवला होता. मुलानं नाक मुरडलं तेव्हा त्यानं नाणं त्याच्या नाकाशी धरून ‘वास येतो का?’ असं विचारलं, अशी कथा आहे. ती कथा त्या खंडात अजून चालू आहे, हे पाहून मी गहिवरलो. मात्र युरो भरल्यावर यंत्रातून एक चिठ्ठी बाहेर आली. तेवढ्याच रकमेचं व्हाउचर! शेजारच्या दुकानात द्यायचं आणि तेवढ्याचा माल घ्यायचा. बावीस वर्षं मी व्हाउचरं पास करतोय, पण या कारणासाठी फाडलेलं व्हाउचर प्रथमच हाती आलं. मी ते वटवलं नाही. पाकिटात ठेवलं. ते पुढं उपयोगी पडलं.

हे सगळं होत असताना आमची ही काय करत होती? हा प्रश्न मला तिथं सुचला नाही, यातच सगळं आलं.

ही मजेत होती. सकाळी उशिरा उठायची. थंड पाव आवडीनं खायची. तो दोरावाला चहा दोन्ही हातांत धरून खिडकीत बसायची आणि समोरच्या झाडाकडं बघत राहायची. मला वाटलं, तब्येत बरी नाही. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. हिला सकाळचा चहा बसून पिताना मी पाहिलंच नव्हतं. घरी हिचा चहा ओट्यावर असतो, आणि ती त्याला अधूनमधून भेटून येते.

दुसऱ्या शनिवारी मेव्हण्यानं दाराला एक पाटी अडकवलेली दाखवली. “दाजी, या आठवड्याचा नंबर आपला.” मला वाटलं, सोसायटीची मीटिंग. ती निघाली ‘केरवोखं’ची पाटी. तिचा अर्थ ‘झाडलोटीचा आठवडा’. योगायोग बघा, केर तर आपलाच शब्द! स्टुटगार्टच्या त्या मुलखात इमारतीतल्या बिऱ्हाडांनी जिना आळीपाळीनं झाडून-पुसून काढायचा. ज्याच्या दाराला पाटी, त्याचा आठवडा. संपला की पाटी शेजाऱ्याच्या दाराला. छोट्या झाडलोटीत आपल्या मजल्याचा जिना, मोठीत तळघर, अंगण आणि समोरची पायवाट. थंडीत बर्फही उपसायचं. या परंपरेचं मूळ १४९२च्या नगर-कायद्यापर्यंत नेतात. म्हणजे कोलंबस भारत शोधायला निघाला त्या वर्षी या लोकांनी झाडू शोधला होता. नगरपालिकेनं सक्ती १९८८मध्ये उठवली, तरी भाडेकरारांतून आणि शेजारणींच्या नजरांतून ती जिवंत आहे.

मेव्हण्यानं बादली माझ्या हाती दिली. (बादली घरात होती! फक्त तिचा उपयोग वेगळा होता.) मी हिच्याकडं पाहिलं. ही जागची हलली नाही. तिच्या हातात चहा होता.

मी जिना पुसला. सव्वीस पायऱ्या. तेराव्या पायरीवर कंबर बोलायला लागली, विसाव्या पायरीवर मी. खालच्या मजल्यावरच्या आजीबाई दार उघडून बाहेर आल्या, त्यांनी कठड्यावरून बोट फिरवलं, बोट डोळ्यांजवळ नेलं, आणि मान हलवून आत गेल्या. आमचे बँक-इन्स्पेक्टर इतक्या बारकाईनं कॅश मोजत नाहीत. वर आलो तर ही दारात उभी. फोटो काढत होती. तो फोटो पुढं तिच्या माहेरच्या समूहावर गेला आणि त्याला जेवढे अंगठे मिळाले, तेवढे आमच्या लग्नाच्या फोटोलाही मिळाले नव्हते.

परत आलो. टॅक्सीत सुस्कारा सोडला. वाक्य म्हटलं. घरी पोचेपर्यंत सोसायटीतली मंडळी जमली होतीच. मी आरामखुर्चीत बसलो आणि बादली, गोधडी, चहा, दिवेलागण, पोळी या क्रमानं व्याख्यान दिलं. “शेवटी घर ते घर” हे वाक्य त्या संध्याकाळी मी मोजून अकरा वेळा म्हटलं. मोजलं हिनं. कारण दर वेळी तिला स्वयंपाकघरातून ऐकू येत होतं. घर पंधरा दिवस बंद होतं. कुबट वास, ओट्यावर पालीची खूण, रव्यात पोरकिडे, दोन बॅगा मळके कपडे, दूध नाही, आणि बाहेर नऊ माणसं चहाची वाट बघत आहेत. मंडळी गेल्यावर मी बाराव्यांदा म्हणणार, एवढ्यात ही पदराला हात पुसत बाहेर आली आणि शांतपणे म्हणाली,

“खरं आहे. तुम्ही घरी आलात. मी कामावर रुजू झाले.”

वाचकहो, ‘रुजू’ हा शब्द बँकवाल्याला कळतो.

तरीही मी लगेच सुधारलो असं समजू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या भांडीवाल्या मावशींच्या पगाराचा विषय निघाला. मी हिशेबी माणूस. म्हटलं, पंधरा दिवस त्यांना काम नव्हतं, तेव्हा निम्मा पगार कापावा. काम नाही तर दाम नाही. संपाच्या दिवशी बँक आम्हांला हेच सांगते. ही पोळी लाटता लाटता म्हणाली, “अहो, तुमचा कापला का?” माझी अर्जित रजा होती. भर पगारी. मावशींची रजा मीच ठरवली, मीच लादली, आणि पैसेही मीच कापणार होतो. एवढा निर्दय नियम कोणत्याही बँकेच्या व्यवस्थापनाला अजून सुचलेला नाही. मावशींना पूर्ण पगार गेला. मुकाट्यानं मीच दिला.

त्या रात्री मी पाकिटातलं ते स्वच्छतागृहाचं व्हाउचर काढून टेबलावर ठेवलं आणि घरच्या सुखांची एकेक नोंद तपासली. सकाळचा आल्याचा चहा : दूध आणून देणारा पोऱ्या, आलं किसणारी ही. तव्यावरची पोळी : कणीक तिंबणारी, लाटणारी, भाजणारी ही, आणि ती खायला सर्वांत शेवटी बसते तीही हीच, तेव्हा ती पोळी तिला गार मिळते. एकोणीस वर्षं ही माझ्या घरात आबेंडब्रोट खात होती! आंघोळीचं तापलेलं पाणी, घडी घातलेला टॉवेल : ही. लखलखीत तांब्या : मावशी. गोधडी : आई. तिचे डोळे ज्या वर्षी गेले, त्या वर्षीची ही शेवटची गोधडी. कडक इस्त्री : कोपऱ्यावरचे भय्याजी. सगळी पानं उलटली; ‘घर’ नावाचा इसम कुठंच सापडला नाही. भिंतींनी एकदाही चहा केलेला नव्हता. त्या महामार्गावर एक युरो दिला, तर तिथल्या यंत्रानं निदान पोच दिली. मी एकोणीस वर्षांत एकही पोच दिलेली नव्हती.

आता विरुद्ध पक्षाचे मुद्दे घेतो, कारण ते मला तोंडपाठ आहेत. ते सगळे माझेच होते.

‘आमच्या आईनं कधी तक्रार केली नाही.’ अहो, ज्या शाखेत तक्रारपेटीच नाही, तिथं तक्रारी शून्यच असणार. त्यावरून कारभार उत्तम आहे असा अहवाल मी कधी लिहिलेला नाही.

‘बायकांना आवडतंच ते.’ मग त्यांना परदेशी नेऊन बघा. दुसऱ्यानं कापलेली काकडी कशी लागते, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

‘मी कमावून आणतो.’ आमची हीसुद्धा आणते. ती शाळेत चाळीस मुलं सांभाळून येते आणि घरी मला.

‘तिकडं यंत्रं आहेत.’ आहेत. पण भांडी धुण्याचं यंत्र भांडी स्वतः उचलून आत ठेवत नाही. मेव्हणा ठेवत होता. मी ते पंधरा दिवस पाहत होतो आणि ‘बिचारा!’ म्हणत होतो.

आणि ‘ही तुमच्या एका घरची गोष्ट’ असं कोणी म्हणेल, तर त्याच्यासाठी आकडे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती. म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी, रविवार धरून. असं काम करणाऱ्या पुरुषांची ९७. ‘करणाऱ्या’ हा शब्द जपून वाचा. त्या दिवशी असं काम केलेल्या बायका शंभरांत ८१ होत्या, आणि पुरुष शंभरांत २६. बाकीचे ७४ बहुधा आरामखुर्चीत बसून माझं वाक्य म्हणत असावेत. पुढं २०२४मध्ये पुन्हा पाहणी झाली. बायकांची मिनिटं २८९वर उतरली. आनंद वाटला. मग खालची ओळ वाचली : पुरुषांची ८८. त्यांनी दहा मिनिटं वाचवली, तर आम्हीही नऊ वाचवली. स्पर्धेत आम्ही मागं राहत नाही.

तेव्हा माझं म्हणणं थोडक्यात असं. घरच्या सुखाची स्तुती जरूर करावी. परदेशाहून आल्यावर तर करावीच. तांब्याची किंमत काचेच्या पेटीत उभं राहिल्याशिवाय कळत नाही. पण स्तुती कोणाची, ते नाव घालून बोलावं. “घर ते घर” म्हणण्याऐवजी “तिचा चहा तो तिचा चहा”, “मावशींचा तांब्या तो मावशींचा तांब्या” असं म्हणून बघा. जीभ अडखळते. कारण नाव घेतलं की देणं उभं राहतं, आणि देणं उभं राहिलं की आरामखुर्ची टोचायला लागते. ते टाळायला तर आपण ‘घर’ हा शब्द वापरतो. सस्पेन्स खातं तात्पुरतं असतं, मंडळी. फार दिवस पडून राहिलेल्या रकमेला बँकेच्या भाषेत सोय म्हणत नाहीत, अफरातफर म्हणतात.

मी खातं बंद करायला सुरुवात केली आहे. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याची एक पाटी करून स्वयंपाकघराच्या दाराला टांगली. एक आठवडा ही, एक आठवडा मी. शेजारचे विचारतात, “काय हो, घर भाड्यानं द्यायचंय का?” मी काही बोलत नाही. माझ्या आठवड्यात घरच्या सुखाचा दर्जा कमालीचा घसरतो, हे मान्य. पोळी भारताच्या नकाशासारखी व्हायला निदान देशभक्ती तरी लागते. माझी ग्रीनलंडसारखी होते. मावशी भांड्यांचे करपलेले तळ बघून सुस्कारा सोडतात.

परवा सोमवारी पहाटे मी पहिला चहा केला. आलं जास्त पडलं, साखर विसरली. हिला हाक मारली, “अगं, बस. तिथं नव्हे, खिडकीत बस.” ही बसली. दोन्ही हातांत कप धरला. एक घोट घेतला, थोडा वेळ खालच्या रिक्षांकडं बघत राहिली, आणि म्हणाली, “अगदी स्टुटगार्टसारखा झालाय!”

हे चवीबद्दल म्हणाली, की खिडकीत बसून प्यायला मिळाला त्याबद्दल, ते मी विचारलं नाही. बावीस वर्षांच्या नोकरीत एवढं शिकलोय, जमेची नोंद झाली की तपशील विचारत बसू नये.